पाती सगळ्यात शेवटी: पवनऊर्जा डिझाइन स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

पवनऊर्जा डिझाइन स्पर्धेची नोटीस बोर्डावर लागली की पहिल्या आठवड्यात काय होतं ते मला पाठ आहे. पाच-सात पोट्टे जमतात, टीमचं नाव ठरतं, नावाचा लोगो होतो आणि कुणीतरी लॅपटॉप उघडून पात्याचं चित्र काढायला बसतं. आम्हीही तेच केलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज, चारही बाजूंनी कापूस आणि तूर. दोन महिने पाती घडवली, इतकी देखणी की पाहुण्यांना दाखवावी. मग ऑनलाइन मागवलेली ड्रोनची मोटर (बाहेरून फिरवली की तीच जनरेटर होते) जोडून पंख्यासमोर धरली. मल्टिमीटरवर आकडा आला १.४ व्होल्ट.

म्हणून हा लेख आम्ही केलं त्याच्या उलट क्रमाने लिहिलाय. आधी नियम, मग वारा, मग जनरेटर, आणि पाती त्यानंतर.

नियमपुस्तक दोनदा वाचा, तेही पेन घेऊन

या प्रकारच्या स्पर्धांमधली बरीच गाजलेली म्हणजे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची 'कॉलेजिएट विंड कॉम्पिटिशन'. ती २०१४ मध्ये सुरू झाली. तिथे विद्यार्थी छोटी पवनचक्की बनवून वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेलमध्ये) तपासून घेतात आणि त्याशिवाय एका मोठ्या पवन प्रकल्पाचा आराखडाही मांडतात. तिची नियमपुस्तकं आणि आधीच्या टीमचे अहवाल इंटरनेटवर फुकट आहेत. तुमची स्पर्धा वेगळी असली तरी त्यातले चार-पाच अहवाल वाचाच. कोणाची चक्की कुठे तुटली हे त्यात बऱ्यापैकी प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं.

तुमच्या नियमांमध्ये पाच गोष्टी शोधा आणि भिंतीवर लावा: पात्यांच्या घेराची (म्हणजे पाती फिरतात त्या वर्तुळाच्या व्यासाची) मर्यादा, चाचणी किती वेगाच्या वाऱ्यात होणार, किती व्होल्टपर्यंत परवानगी, गुण नेमके कशाला, आणि चक्की थांबवण्याची अट काय. यातली चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. कमी वाऱ्यात लवकर सुरू होण्याला गुण जास्त असतील तर एक मशीन बनतं, ११ मीटर प्रतिसेकंदाला जास्त वॅट मागितले असतील तर दुसरंच. दोन्ही साधायला गेलेल्या टीम मी पाहिल्यात. त्यांचं एकही साधत नाही.

आणखी एक. यूट्यूब पाहून कुणीतरी उभ्या आसाची चक्की सुचवणारच, अर्धा ड्रम कापून केलेली, सॅव्होनियस नावाची. ती बनवायला सोपी आणि दिसायला मजेशीर असते, पण वाऱ्यातली जेमतेम १५ ते २० टक्के ऊर्जा घेते. नियमांनी सक्ती केली नसेल तर तीन पात्यांची आडव्या आसाची चक्की घ्या. पहिल्या वर्षी वेगळेपणा दाखवायची हौस टाळा.

वारा: पोळ्याच्या आत मोजून घ्या

वाऱ्याचं गणित एका ओळीत आहे: ०.५ × हवेची घनता × पाती फिरतात त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ × वेगाचा घन. शेवटचा शब्द पुन्हा वाचा. वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट होते. सातारा, धुळ्याच्या पठारांवर पवनचक्क्यांची रांग आहे आणि आपल्याकडे विदर्भात चिखलदऱ्याजवळच्या मोथ्यासारखं एखादंच नाव निघतं, त्याचं कारण हा घन.

घनतेकडे पुस्तकातलं उदाहरण सोडवताना कुणी बघत नाही. पुस्तकात १.२२५ किलो प्रति घनमीटर असते, ती समुद्रसपाटीची आणि १५ अंश तापमानाची. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर वर, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे. तिथे घनता १.०८ च्या आसपास येते, म्हणजे गणितातले १२ टक्के वॅट हवेतच गेले. अहवालात तुमच्या गावाची घनता काढून वापरली असेल तर परीक्षक तिथे थांबून वाचतो, हा माझा अनुभव.

आता हाताशी आकडे घ्या. घेर ४५ सेंटिमीटर धरला (अमेरिकेच्या स्पर्धेत काही वर्षं हीच मर्यादा होती), तर क्षेत्रफळ ०.१५९ चौरस मीटर. ८ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात त्यातून ४४ वॅट वाहतात. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झने दाखवलेली मर्यादा ५९.३ टक्के, म्हणजे देवाने बनवलेली चक्कीसुद्धा २६ वॅटच्या वर देणार नाही. विद्यार्थ्यांची पाती ३० टक्के घेतात, म्हणजे १३ वॅट. जनरेटर आणि डायोड त्यातले तिसरा हिस्सा खातात. हातात ८ ते ९ वॅट. हा आकडा डोक्यात पक्का असला की "आमची चक्की ५० वॅट देते" असं कुणी म्हटलं तर हसू येतं. आणि वारा ५ मीटरवर उतरला की तीच चक्की दीड-दोन वॅटवर येते.

स्पर्धेत प्रकल्पाचा आराखडा मागितला असेल, किंवा चक्की उघड्यावर चालवायची असेल, तर गावचा वारा मोजावा लागतो. इथे वेळापत्रकाचा एक सापळा आहे. विदर्भात जोराचा, सलग वारा जून ते ऑगस्ट असतो. त्याआधी वैशाखात वावधनं येतात, पण ती अर्धा तास पत्रे उडवून जातात, त्यांच्यावर डिझाइन करता येत नाही. आणि दिवाळीनंतर, नेमकं तुमचं मॉडेल तयार होतं तेव्हा, हवा अशी पडते की तुरीचं पानही हलत नाही. म्हणून वारा पोळ्याच्या आत मोजून घ्या. दहा मीटर उंचीचा जीआय पाइप, वर वेगमापक, रोज ठरलेल्या वेळी नोंद. जागा निवडताना साधा नियम: शंभर मीटरच्या आत जे झाड किंवा घर असेल त्याच्यापेक्षा दहा मीटर वर. एवढा उंच खांब जमत नसेल तर मोकळी जागा शोधा. कॉलेजची गच्ची सोयीची वाटते, पण इमारतीच्या कडेवरून वारा उसळून गोळा होतो आणि मापक दर मिनिटाला वेगळं सांगतो.

मोकळी जागा आम्हाला एका आजोबांनी दाखवली. मापक घेऊन धुऱ्याधुऱ्याने हिंडत होतो, ते म्हणाले, "वारा पाह्याचा असन तं जुन्या खयाच्या जागेवर जा. आमच्या बुढ्यायनं तिथं उगाच खयं नोतं केलं." खरंच होतं. ज्वारी उपणायला तिवईवर उभं राहणाऱ्या माणसाला वारा कुठून, किती वाजता आणि किती वेळ येतो हे माहीत असायलाच हवं होतं, नाहीतर धान्य भुश्यातच राहिलं असतं. आमच्या नोंदींमध्ये सगळ्यात चांगली जागा तीच निघाली. तुमच्या गावात खळ्याची जागा कुठे होती ते विचारा, आणि विचारल्याचं अहवालात लिहा.

नोंदींची सरासरी काढताना चूक करू नका. निम्मा वेळ २ मीटर आणि निम्मा वेळ ६ मीटर वारा असेल तर सरासरी ४, तिचा घन ६४. पण दोन्हींचे घन करून सरासरी काढली तर ११२. ऊर्जा दुसऱ्या आकड्याप्रमाणे मिळते. मोठ्या प्रकल्पासाठी जागतिक वारा नकाशा, 'ग्लोबल विंड ॲटलास', फुकट बघता येतो. त्यात १० पासून २०० मीटरपर्यंतच्या उंचीचे वेग आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेचे नकाशेही पाहा. नकाशावर पठार हिरवंगार दिसलं तरी तिथे वनजमीन आहे का, वाघांचा मार्ग जातो का, वीजवाहिनी किती दूर, हे तपासल्याशिवाय जागा ठरवू नका. विदर्भात पहिल्या दोन प्रश्नांवरच अर्ध्या जागा बाद होतात.

जनरेटर: रिवाइंडिंगच्या दुकानात जा

आमच्या १.४ व्होल्टची गोष्ट इथे पूर्ण होते. ड्रोनच्या मोटरवर '१००० केव्ही' असं लिहिलेलं होतं. आम्हाला वाटलं, मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद. केव्ही म्हणजे एका व्होल्टला किती फेरे. हजार फेऱ्यांना एक व्होल्ट. आमची पाती मिनिटाला चौदाशेच्या आसपास फिरत होती. उत्तर समोरच होतं.

बसस्टँडमागे शेतपंपांच्या मोटारी भरणारं एक दुकान आहे. तिथल्या मिस्त्रीकाकांनी मोटर हातात घेतली, चिमटीत फिरवली आणि म्हणाले, "हे मोटर नोहे बावा, भिंगरी होय. बारा हजारानं फिरवान तवा कुठं बारा व्होल्ट देईन." सहा सेमिस्टर शिकून आम्हाला जे कळलं नव्हतं ते त्यांनी बोटांनी सांगितलं.

तर हिशोब असा करा. पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या किती पट असावा हा आकडा आधी ठरवा. छोट्या चक्कीला ४ बरा. ८ मीटर वाऱ्यात टोक ३२ मीटर प्रतिसेकंद, त्रिज्या ०.२२५ मीटर, म्हणजे मिनिटाला साधारण १३६० फेरे. १२ व्होल्ट हवे असतील तर केव्ही ११० ते ११५ च्या घरातला हवा. बाजारात अशा छोट्या मोटारी कमी मिळतात आणि इथेच मिस्त्री लागतो. जुनी तार काढून बारीक तारेचे जास्त वेढे भरले की त्याच फेऱ्यांना व्होल्ट वाढतात. वेढे दुप्पट तर व्होल्ट दुप्पट. फुकट काही नाही: त्याच खाचेत दुप्पट वेढे बसवायचे तर तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ निम्मं करावं लागतं, लांबीही दुप्पट होते, आणि रोध चौपट. त्याआधी एक सोपी युक्ती करून पाहा. तीन फेजची जोडणी डेल्टा (तिन्ही गुंडाळ्या त्रिकोणात) असेल तर ती स्टार (तिन्हींचं एकेक टोक एकत्र) करा. व्होल्ट १.७३ पट होतात आणि एक रुपयाही लागत नाही. शेतपंपाचा स्टार-डेल्टा स्टार्टर ज्याच्या घरी आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

घेर मोठा, मीटर-सव्वा मीटरचा असेल तर नव्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, चुंबकाच्या मोटरच्या) छताच्या पंख्याची मोटर उत्तम. १.२ मीटरची चक्की ५ मीटर वाऱ्यात मिनिटाला ३२० ते ४०० फेरे घेते आणि पंखाही त्याच गतीसाठी बनलेला असतो. भंगारवाल्याकडे जळालेल्या सर्किटचे असे पंखे आता यायला लागलेत. मोटर बहुतेक वेळा चांगलीच असते.

मोटर घेताना हाताने फिरवून पाहा. खटक-खटक अडत असेल तर चुंबकं लोखंडी दातांना धरून बसतात आणि हलक्या वाऱ्यात पाती हलणारच नाहीत. मोजायची गावठी पद्धत: आसाला १० सेंटिमीटरची हलकी दांडी आडवी बांधा, टोकाला सोनाराच्या काट्यावर मोजलेलं वजन टांगा. आपल्या ४५ सेंटिमीटरच्या चक्कीला ३ मीटर वाऱ्यात जेवढी पीळ (आस फिरवणारा जोर, टॉर्क) मिळते तेवढ्यात ५ ग्रॅमच्या आसपास वजनाने दांडी खाली गेली पाहिजे. २० ग्रॅम लागत असतील तर ती मोटर परत करा, कितीही स्वस्त मिळाली असली तरी.

आता लेथच्या दुकानात जा. जनरेटरचा आस लेथच्या चकमध्ये धरला की तुमच्याकडे ठरावीक फेऱ्यांवर फिरवणारं यंत्र आलं. चार-पाच गतींवर फिरवा. प्रत्येक गतीला आधी काहीच न जोडता व्होल्ट लिहा, मग मोटरसायकलचे १० वॅटचे इंडिकेटर बल्ब एक, दोन, तीन असे जोडत व्होल्ट आणि अँपिअर लिहा. हा तक्ता म्हणजे तुमच्या चक्कीची जन्मपत्रिका. पुढचं सगळं डिझाइन याच्यावरून होतं. आम्हाला लेथवाल्याने दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन दिली, चहावर.

तीन फेजचं एसी डीसी करणाऱ्या डायोडांकडेही बघा. साध्या सिलिकॉन डायोडच्या जोडीत दीड व्होल्टच्या जवळपास जातात. १२ व्होल्टवर ते चालतं, पण हलक्या वाऱ्यात जनरेटर ३ व्होल्ट देत असतो तेव्हा निम्मं तिथेच संपतं. शॉटकी डायोड वापरा, त्यांच्यात कमी व्होल्ट जातात.

पाती

आता काढा लॅपटॉप. 'क्यूब्लेड' हे बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झालेलं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याच्या जुन्या आवृत्त्या जुन्या लॅपटॉपवरही चालतात. त्यात पात्याच्या आडव्या छेदाचा आकार निवडायचा असतो. बहुतेक जण मोठ्या चक्कीचा जाड आकार उचलतात. पण मोठ्या चक्कीच्या पात्यावर हवेचा रेनॉल्ड्स अंक (हवेचा वेग आणि पात्याची रुंदी यांवरून निघणारा आकडा) काही दशलक्ष असतो आणि आपल्या चार सेंटिमीटर रुंद पात्यावर तो ५० हजारांच्या आसपास भरतो. एवढ्या कमी अंकाला जाड आकारावरून हवा सुटून जाते. एसजी ६०४३ सारखा, छोट्या चक्क्यांसाठीच बनलेला, १० टक्के जाडीचा आकार घ्या. आणि सॉफ्टवेअरमध्ये रेनॉल्ड्स अंक ५० हजारच टाका, तिथे आधीपासून भरलेला मोठा आकडा तसाच ठेवू नका.

पात्याला द्यायचा पीळ, म्हणजे त्याचा तिरपा कोन, साधारण असा येतो: बुंध्याजवळ (त्रिज्येच्या ३० टक्क्यांवर) २१ अंश, मध्यावर १३, टोकाला ४. सत्तर टक्क्यांवर रुंदी ३.८ सेंटिमीटर. सॉफ्टवेअरने याच्याशी अजिबात न जुळणारं काही दिलं तर आधी स्वतःची चूक शोधा.

तीनच पाती का, पाणी उपसायच्या जुन्या चक्क्यांसारखी अठरा का नाहीत, हा प्रश्न प्रत्येक प्रदर्शनात येतो. याचं उत्तर शोधणाऱ्यांपैकी एक होता डेन्मार्कमधला पोल ला कूर. आस्कोव नावाच्या खेड्यातल्या लोकशाळेत शिकवायचा. १८९१ मध्ये त्याने तिथे वीज बनवणारी चक्की उभारली, पुढे स्वतःचा वाऱ्याचा बोगदा केला आणि दाखवलं की विजेसाठी थोडी आणि वेगाने फिरणारी पाती बरी. पुढे तो खेड्यापाड्यांतल्या तरुणांना वीजकाम शिकवायला लागला. सुविधा नाहीत म्हणून रडणाऱ्या माझ्या टीममेटला मी ही गोष्ट दहादा ऐकवलीय. तोही वैतागलाय.

कशाची बनवायची? थ्रीडी प्रिंटर जवळ असेल तर मोह होतोच, पण पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या जवळ मऊ पडतं. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवलेली पाती केळीच्या सालीसारखी वाकलेली सापडतात. आमची सापडली. पीईटीजी ८० अंशांपर्यंत तग धरतं, ते घ्या आणि थर पात्याच्या लांबीच्या दिशेने पडतील असं ठेवून छापा, नाहीतर थराथरात तुटतं.

मला मात्र लाकूड जास्त आवडतं. शिवणीचं लाकूड हलकं, तासायला मऊ आणि सहसा वाकत नाही. गावच्या सुताराला कागदावर छापलेले छेद पत्र्यात कापून द्या, पाच सेंटिमीटरच्या अंतरावर एकेक साचा. तो रंधा आणि कानस वापरून त्यात बसेल असं पातं उतरवतो. आमच्या सुतारकाकांचं तिसरं पातं प्रिंटरच्या पात्यापेक्षा गुळगुळीत होतं. लाकडाला दोन हात पातळ वार्निश द्या, नाहीतर पावसाळ्यात एक पातं पाणी पितं आणि तोल जातो.

तोल म्हणजे वजन आणि वजनाची जागा, दोन्ही. तिन्ही पाती सोनाराच्या काट्यावर सारखी भरली पाहिजेत, आणि सुरीच्या धारेवर आडवी ठेवली तर तिन्हींचा मध्य एकाच ठिकाणी आला पाहिजे. फरक असेल तर जड पातं थोडं थोडं घासा.

थांबवायचं कसं, हे आधी ठरवा

चक्की चालवण्यापेक्षा थांबवणं अवघड आहे. लोड निघाला, वायर सुटली, की पाती मोकाट सुटतात. १० मीटर वाऱ्यात मोकळी चक्की ३००० फेऱ्यांच्या जवळ जाते. २५ ग्रॅमचं पातं तेव्हा बुंध्याला २२ किलोच्या ओढीने बाहेर खेचतं. १५ मीटरच्या झोताला ती ओढ ५० किलोवर, म्हणजे प्रत्येक पात्याला एक सिमेंटची गोणी टांगल्यासारखी. गोंद आणि एका स्क्रूवर ते टिकत नाही. दोन आरपार बोल्ट, मागे वॉशर आणि आत नायलॉनची कडी असलेलं लोखंडी नट. ते नट एकदा काढलं की पुन्हा वापरायचं नाही.

ब्रेकसाठी जनरेटरच्या तिन्ही वायरी एकत्र शॉर्ट करणारा रिले लावा, आणि तो असा जोडा की वीज गेली तरी आपोआप शॉर्ट होईल. उलटं जोडलं तर नेमकं भारनियमनाच्या वेळी ब्रेक लागत नाही. जोराच्या वाऱ्यात एकट्या शॉर्टने चक्की थांबेलच असं नाही, म्हणून लेथच्या चाचणीत शॉर्ट केल्यावर किती पीळ लागते तेही बघून ठेवा.

नियंत्रणाचं बाकी काम आर्दुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर होतं: व्होल्ट आणि अँपिअर मोजा, फेरे मोजा, आणि लोड थोडा वाढवून-कमी करून वॅट कुठे जास्त येतात ते शोधत राहा. लेथवरचा तक्ता असेल तर तेही करायची गरज नाही. कोणत्या फेऱ्यांना किती लोड हे आधीच लिहून ठेवता येतं, आणि नवशिक्या टीमला मी तेच सांगेन.

चाचणी: मंडपवाला आणि छोटा हत्ती

वाऱ्याचा बोगदा आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजात नाही, किंवा असला तर कुलपात आहे. दोन पर्याय.

पहिला, पंखा. घरच्या कूलरचा पंखा अठरा इंची, त्याच्यासमोर ४५ सेंटिमीटरची चक्की धरून उपयोग नाही, झोत पात्यांएवढाच पडतो. लग्नसराई संपली की मंडप-डेकोरेशनवाल्याकडचे मोठे पंखे रिकामे असतात. तो भाड्याने घ्या. पंख्याची हवा गोल फिरत येते, ती सरळ करायला दोन इंची पीव्हीसी पाइपचे एकेक फुटाचे तुकडे मधमाशीच्या पोळ्यासारखे रचून मध्ये ठेवा. मग चक्की न लावता, ती जिथे येणार त्या जागी नऊ ठिकाणी वेग मोजा. कडेला आणि मध्ये फरक असणारच. इथेही घनांची सरासरी.

दुसरा पर्याय गाडी. छोटा हत्तीच्या मागच्या हौद्यात पाइप उभा करून चक्की केबिनच्या बरीच वर, वेगमापक तिच्यापासून मीटरभर बाजूला. ताशी ३० किलोमीटर म्हणजे ८.३ मीटर प्रतिसेकंद. पहाटे, वारा पूर्ण पडलेला असताना, जाऊन-येऊन दोन्ही दिशांनी चालवा आणि दोन्ही आकडे घ्या. ३०० मीटर सरळ रस्त्यावर ३६ सेकंद मिळतात, नोंदीला पुरतात. रस्ता बंद आवारातला हवा: जिनिंगचं मोठं आवार, बाजार समितीचं मैदान, मालकाची लेखी परवानगी घेऊन. वाहत्या रस्त्यावर हे करू नका, आणि समृद्धी महामार्ग तर डोक्यातूनच काढून टाका. चालत्या गाडीत चक्कीजवळ कुणी बसायचं नाही. नोंद करणारा केबिनमध्ये, वायर लांब. पाती फिरतात त्या पातळीत, डावीकडे-उजवीकडे, कुणीही उभं राहायचं नाही, कारण तुटलेलं पातं तिकडेच जातं.

पहिली चाचणी स्पर्धेच्या किमान दोन महिने आधी झाली पाहिजे. ती नापास होणार हे धरून चाला. आमचा पहिला दिवस फक्त हब (पाती जिच्यावर बसतात ती मधली चकती) घसरतोय हे कळण्यात गेला.

अहवाल आणि परीक्षक

पहिल्या दिवसापासून एक जाड वही ठेवा. तारीख, आकडा, कोणी मोजलं, काय बिघडलं. शेवटच्या आठवड्यात अहवाल या वहीतूनच निघतो. बिघाडांचे फोटो फेकू नका, परीक्षक यशाच्या फोटोवरून पान उलटतात आणि तुटलेल्या पात्यापाशी थांबतात.

इंग्रजीची भीती असेल तर आधी सगळं मराठीत बोलून पाहा, आईसमोर किंवा मिस्त्रीसमोर. त्यांना समजलं म्हणजे तुम्हाला समजलंय. मग इंग्रजीत फक्त शब्द बदलायचे असतात. "हाच आकार का, हाच वेग का, हीच मोटर का" या तीन प्रश्नांची उत्तरं टीममधल्या प्रत्येकाला आली पाहिजेत, फक्त बोलक्या पोट्ट्याला नाही. कॉमर्सची एखादी मैत्रीण टीममध्ये घ्या. खर्चाचं पान आमच्यात तिनेच लिहिलं आणि सर्वांत जास्त गुण त्या पानाला मिळाले.

पेटी भरताना

पात्यांचे दोन संच न्या, दुसरा पहिल्याइतकाच तोललेला. प्रत्येक पात्यावर आणि हबच्या खाचेवर सारखा नंबर लिहा, कारण एका पात्याची जागा दुसऱ्याला दिली की सगळा तोल गेला. सुट्या नटांची डबी, शॉटकी डायोड, सोल्डर गन, तिथे बोर्ड दूर असतो म्हणून दहा मीटरची एक्स्टेन्शन वायर. पाती थर्मोकोलपेक्षा सरकी काढलेल्या कापसात चांगली बसतात, आणि तो आपल्याकडे जिनिंगवर मूठभर मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. रेल्वेने जात असाल तर पेटी वरच्या बर्थवर आडवी ठेवा, दाराजवळ नको. आमची वर्ध्याला एका काकूंच्या पिंपाखाली गेली होती आणि पुढचे तेरा तास आम्ही पाळीपाळीने ती मांडीवर घेऊन बसलो.